घरभराचा फिल्टर आपल्या हातानं बदलताना

बरगी धरणाचे दरवाजे उघडले की ग्वारीघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, नर्मदा मातकट होते, आणि पुढच्या काही दिवसांत जबलपुरातल्या कितीतरी घरांत एकसारख्या तक्रारी सुरू होतात. शॉवरची धार बारीक झाली. वॉशिंग मशीन पाणी घ्यायला फार वेळ लावतं. स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी दर आठवड्याला काढून धुवावी लागते. ज्यांनी गच्चीवरच्या टाकीखाली पूर्ण घराचा फिल्टर बसवून घेतला आहे, त्यांच्याकडे याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आतली कार्ट्रिज गाळानं भरलेली असते. मग प्लंबरला फोन जातो, तो आज येतो-उद्या येतो करतो, एकदाचा आला की पंधरा-वीस मिनिटांत नवी कार्ट्रिज घालतो आणि जुनी पिशवीत घालून घेऊन जातो.

हे काम घरच्या माणसानं करावं असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचतात म्हणून नव्हे. ते फारसे वाचतही नाहीत. प्लंबर जी जुनी कार्ट्रिज उचलून नेतो, तिच्यात आपल्या घरच्या पाण्याचा कित्येक महिन्यांचा हिशेब साठलेला असतो. तो हिशेब आपण पाहिलाच नाही, तर पुढच्या वेळी कोणती कार्ट्रिज आणायची, टाकी कधी धुवायची, कुठला पाइप गंजतो आहे, हे कशावरून ठरवणार?

पाणी घरी कसं पोचतं ते आधी लक्षात घेऊ. लालपूर आणि रमनगरा इथून नर्मदेचं पाणी शहरात येतं. परियट आणि खंदारी या जुन्या जलाशयांचंही येतं. शुद्धीकरण केंद्रात तुरटीनं गाळ खाली बसवतात, वाळूतून पाणी गाळतात, क्लोरीन देतात. तिथून निघालेलं पाणी स्वच्छ असतं. पण आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामे होतात, आतला दाब उतरतो, आणि जिथे सांधा गळका आहे तिथून बाहेरची माती, प्रसंगी शेजारच्या नालीचं पाणीही आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सुटतं तेव्हा पाइपच्या तळाला बसलेला गाळ उसळून पहिल्या लोंढ्याबरोबर वाहत येतो. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचं पाणी थेट टाकीत न घेता दोन-चार मिनिटं झाडांना किंवा अंगण धुवायला सोडावं. एवढ्या एका सवयीनं कार्ट्रिजचं आयुष्य चांगलंच वाढतं, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. मदन महालच्या टेकड्यांचा ग्रॅनाइट, भेडाघाटचा डोलोमाइटी संगमरवर, लमेटा घाटाजवळचे चुनखडीचे थर, असे भिन्न खडक या शहराच्या अंगाखांद्यावर आहेत. त्यामुळे एका मोहल्ल्यातलं बोअरचं पाणी दुसऱ्या मोहल्ल्यातल्या पाण्याशी जुळेलच असं नाही. डोलोमाइट किंवा चुनखडीतून आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. ते दिसायला नितळ असतं, पण गिझरमध्ये पापुद्रा धरतं आणि साबणाचा फेस होऊ देत नाही. हा जडपणा विरघळलेल्या क्षारांचा असतो, त्यामुळे गाळ अडवणाऱ्या कार्ट्रिजला तो पकडताच येत नाही. त्यासाठी रेझिनचा सॉफ्टनर लागतो, आणि त्या रेझिनला अधूनमधून मिठाच्या पाण्यानं ताजं करावं लागतं. दोन्ही कामं एकाच निळ्या नळकांड्यातून होतील अशी आशा धरू नका.

फिल्टर बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? पाकिटावर छापलेल्या 'तीन महिने' किंवा 'सहा महिने' यांना आपल्याकडे फारसा अर्थ नाही. जी कार्ट्रिज नोव्हेंबर ते मे आरामात चालते, तीच जुलैत काही आठवड्यांत तुंबू शकते. कारखान्यांत फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबमापक लावतात. आपल्या घरात पाणी नुसत्या उंचीच्या जोरावर उतरतं, आणि दर मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. टाकी नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर सगळा मिळून ०.३ बार. एवढ्याशा दाबात साध्या मापकाचा काटा काही सांगत नाही. त्याहून भरवशाची पद्धत बादलीची. नवी कार्ट्रिज घातली त्या दिवशी एक ठरावीक नळ पूर्ण उघडून बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली की तोच नळ, तीच बादली. दीडपट वेळ लागू लागला की बदलायचा विचार करा. खात्री करायची तर बायपासचा वॉल्व्ह क्षणभर उघडा. नळाची धार एकदम जोमानं आली तर अडथळा फिल्टरमध्येच आहे. तशीच मंद राहिली तर दोष पुढे कुठेतरी आहे, आणि नवी कार्ट्रिज आणून काही साधणार नाही.

बायपासचा उल्लेख आला म्हणून सांगतो. फिल्टरच्या आधी एक, नंतर एक आणि वळसा देणाऱ्या पाइपवर एक, असे तीन वॉल्व्ह तुमच्याकडे नसतील, तर आधी प्लंबर बोलावून ते बसवून घ्या. पाइप कापणं, सांधे चिकटवणं हे त्याचं काम आहे आणि त्याच्याकडूनच करून घ्यावं. ते एकदा झालं की पुढे दर वेळी कार्ट्रिज तुम्हीच बदलू शकता, आणि काम अर्ध्यावर अडलं तरी घराचं पाणी बंद पडत नाही.

आता खरेदी. दुकानात हिला कुणी कार्ट्रिज म्हणतं, कुणी कँडल, कुणी नुसतं 'स्पन'. घरात साधारणपणे १० किंवा २० इंच उंचीचं हाउसिंग, म्हणजे कार्ट्रिज ज्यात बसते ते नळकांडं, असतं, आणि जाडीत दोन प्रकार: अडीच इंची बारीक आणि साडेचार इंची 'जम्बो'. पूर्ण घरासाठी जम्बोच हवं, कारण पृष्ठभाग मोठा असला की कमी दाबातही धार टिकते. दुकानात जाण्याआधी हाउसिंगवरची खूण वाचा, नाहीतर जुनी कार्ट्रिज मोजून ठेवा. जी नावाला १० इंची, ती प्रत्यक्षात पावणेदहा इंच भरते, त्यामुळे मापात थोडा फरक दिसला तर गोंधळू नका.

खरा विचार करायचा तो मायक्रॉनचा, म्हणजे कार्ट्रिज किती बारीक कण अडवते त्याचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉनची कार्ट्रिज घातली म्हणजे पाणी जास्त शुद्ध, असं दुकानदार सांगतो आणि आपल्याला पटतंही. पण टाकीच्या उतारावर चालणाऱ्या लाइनला ती सोसत नाही; धार मंदावते आणि कार्ट्रिज लवकर तुंबते. पूर्ण घरासाठी २० मायक्रॉन पुष्कळ झाले. दोन हाउसिंग असतील तर पहिल्यात २० किंवा ५०, दुसऱ्यात ५. पावसाळ्यापुरती पहिल्या जागी धुता येणारी घडीदार कार्ट्रिज, किंवा खाली निचऱ्याचा नळ असलेला स्टीलच्या जाळीचा फिल्टर बसवला तर खर्चही आटोक्यात राहतो. आणखी एक, स्पन घेताना ती हातात तोलून पाहा. एकाच मापाच्या दोन कार्ट्रिजमध्ये एक स्पष्टपणे हलकी लागली, तर तिच्यात तंतू कमी आहेत. गाळ धरायची तिची ताकदही तेवढीच कमी.

कोळशाच्या, म्हणजे कार्बनच्या कार्ट्रिजबद्दल मी सावध करीन. वास आणि क्लोरीन घालवायला ती उत्तम, पण ते क्लोरीनच पाण्याची राखण करत असतं. ते पूर्ण घराच्या लाइनमध्ये काढून टाकलं की पुढच्या पाइपांत जंतूंना रान मोकळं मिळतं. कार्बन टाकीच्या आधी तर कधीच लावू नका. हवा असेल तर फक्त पिण्याच्या नळापाशी लावा.

कामाला दिवसाउजेडी हात घाला, आणि आधी स्वयंपाकघरात दोन-तीन भांडी पाणी भरून ठेवा. मग गिझर बंद. प्रेशर पंप असेल तर त्याचा स्विचही बंद, कारण लाइनमधला दाब उतरताच पंप आपोआप सुरू होतो आणि कोरडा फिरून खराब होतो. वॉशिंग मशीन चालू नाही ना, तेही पाहून घ्या. त्यानंतर फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही वॉल्व्ह बंद करा. हाउसिंगच्या डोक्यावर लाल बटण असतं, ते दाबून आतला दाब मोकळा करा. थोडं पाणी फुसकन उडेल. बटण नसेल तर नंतरचा वॉल्व्ह उघडा ठेवून खालचा एखादा नळ सोडा. दाब न उतरवता हाउसिंग फिरवायचा प्रयत्न केला तर ते इंचभरही हलत नाही, आणि माणसं जोर लावून डोक्याचा भाग तडकवून बसतात.

खाली टब ठेवा. हाउसिंगबरोबर मिळालेला प्लास्टिकचा गोल पाना लावा आणि खालून वर पाहत घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. लोखंडी पाइप पाना प्लास्टिकवर लावू नका, दात रुतून चिरा पडतात. एकदा सैल झालं की पाना बाजूला ठेवून दोन्ही हातांनी उतरवा. २० इंची जम्बो पाण्यानं भरलेलं असताना पाच किलोंहून जड असतं. शिडीवर उभं राहून एकट्यानं ते पेलायच्या फंदात पडू नका, खाली कुणाला तरी उभं करा.

कार्ट्रिज काढून बाजूला ठेवा. टाकू नका, तिच्याकडे नंतर येऊ. हाउसिंगच्या तळाचा चिखल धुऊन टाका, आतून मऊ ब्रशनं भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून घासा आणि स्वच्छ खळबळा. बुळबुळीत थर जाणवला तर पाच लिटर पाण्यात चमचाभर बिनवासाचं ब्लीच मिसळून ते हाउसिंगमध्ये दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा धुवा. ब्लीचमध्ये ॲसिड, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं द्रव कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद जागेत जिवावर बेतू शकतो.

पुढचं काम चिमुकलं आहे, पण बहुतेक गळतीचं मूळ तिथेच असतं. हाउसिंगच्या काठाच्या खाचेत रबराची ओ-रिंग असते. ती अलगद बाहेर काढा, पुसा, बोटांतून सबंध फिरवून पाहा. कुठे चपटी, ताणलेली किंवा चिरलेली लागली तर बदला. त्याच मापाची एक जादा आणून ठेवलेली बरी. खाचेत वाळूचा एक कण राहिला तरी पाणी झिरपतं, म्हणून खाचही कापडानं पुसा. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. घरात असतं म्हणून व्हॅसलीन लावायचा मोह होतो, पण पेट्रोलियमचे पदार्थ काही प्रकारचं रबर फुगवतात आणि मऊ करतात.

हात साबणानं धुऊन नवी कार्ट्रिज उघडा. तिच्यावरचं पारदर्शक वेष्टन पूर्ण काढायला विसरू नका. ते पटकन दिसत नाही, आणि राहून गेलं तर पाणी अडतं. कार्ट्रिजला दोन्ही टोकांना धरून हाउसिंगच्या तळाच्या उंचवट्यावर नीट मधोमध बसवा. वर चढवताना तिचं वरचं टोकही डोक्याच्या आतल्या नळीवर बरोबर यायला हवं. ती तिरकी बसली तर पाणी गाळलं न जाता फटीतून सरळ पुढे निघून जातं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. हाउसिंग हातानं घट्ट होईल तेवढं फिरवा आणि शेवटी पान्यानं फार तर पाव वेढा द्या. आणखी आवळल्यानं गळती थांबत नाही, उलट पुढच्या वेळी उघडताना हाल होतात.

आता आधीचा वॉल्व्ह अगदी सावकाश, थोडा थोडा उघडा आणि लाल बटण दाबून धरा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. बटणातून पाणी आलं की सोडा. सांध्याभोवती वर्तमानपत्राचा कोरडा कागद फिरवा. बारीकशी गळतीही त्यावर ओलसर डाग पाडते. गळत असेल तर आवळत बसू नका. वॉल्व्ह बंद करा, हाउसिंग उघडा, ओ-रिंग पुन्हा बसवा. सगळं कोरडं असेल तर नंतरचा वॉल्व्ह उघडा आणि घरातला सगळ्यात लांबचा नळ पाणी आणि हवा मिळून फुरफुरायचं थांबेपर्यंत चालू ठेवा. गिझर शेवटी, गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्यावरच सुरू करा. मार्करनं हाउसिंगवर आजची तारीख आणि बादलीचे सेकंद लिहा. हाउसिंग पारदर्शक असून त्यावर ऊन पडत असेल तर जाड कापडाचं झाकण घाला, नाहीतर आत शेवाळ धरेल.

आता ती जुनी कार्ट्रिज. वर्तमानपत्रावर आडवी ठेवून धारदार सुरीनं मधोमध, आतल्या प्लास्टिकच्या नळीपर्यंत उभी चिरा. आधी रंग पाहा. फिकट तपकिरी किंवा करडी माती म्हणजे नदीचा नाहीतर पाइपात घुसलेला गाळ. पावसाळ्यात तो येणारच. गडद तांबूस-नारिंगी थर दिसला तर लोह आहे. बोअरचं पाणी नसेल तर जुन्या घरातला जीआयचा पाइप आतून गंजतोय असं समजा, आणि हा थर दर वेळी वाढत गेला तर पाइप बदलायचा खर्च मनात धरा. हिरवट छटा म्हणजे टाकीचं झाकण नीट बसत नाही, आत उजेड जातो. काळा, बुळबुळीत थर आणि कुबट वास आला तर जंतूंची साय धरली आहे. तेव्हा नुसती कार्ट्रिज बदलून भागणार नाही. टाकी रिकामी करून, घासून, ब्लीचनं धुवावी लागेल. पांढरा खरखरीत पापुद्रा असेल तर त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुना.

मग काप पाहा. गाळ फक्त बाहेरच्या कातडीवर असून आतला भाग पांढराशुभ्र असेल तर कार्ट्रिज वरवरच तुंबली आहे. पुढच्या वेळी जरा मोठ्या मायक्रॉनची घ्या, किंवा तिच्याआधी जाळीचा फिल्टर लावा. रंग बाहेरून आत हळूहळू फिका होत गेला असेल तर निवड उत्तम आहे, ती बदलू नका. गाळ मधल्या नळीपर्यंत पोचला असेल तर बदलायला उशीर झाला. आणि बाहेरची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ, पण नळीच्या आतल्या भिंतीवर माती चिकटलेली दिसली, तर मागच्या वेळी ती नीट बसली नव्हती आणि पाणी टोकाकडून निसटत होतं. हे सगळं प्लंबरच्या पिशवीतून निघून जातं. एक फोटो काढा, तारखेसकट जपून ठेवा. दोन पावसाळ्यांचे फोटो शेजारी ठेवले की घरच्या पाण्याची चाल समजते. पाहून झाल्यावर ती कार्ट्रिज सुक्या कचऱ्यात द्या. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, अंगणात जाळू नका.

टाकीत तुरटी फिरवणाऱ्यांसाठी एक विनंती. तुरटीनं गाळ खाली बसतो हे खरं, निवळीच्या बियांनीही आपल्या आज्या-पणज्या हेच करत आल्या. पण त्या हंड्यातलं वरचं पाणी अलगद ओतून घेत आणि तळाचं टाकून देत. गच्चीवरच्या टाकीत तळ काढून टाकायची सोय बहुधा नसते. नळ आले की सगळा साका पुन्हा उसळतो आणि थेट कार्ट्रिजवर येतो. तुरटी वापरायची तर बादलीत वापरा.

फिल्टर बदलून पाणी नितळ दिसू लागलं म्हणजे ते पिण्याजोगं झालं असं नाही. जंतू, फ्लोराइड, विरघळलेले क्षार या फिल्टरमधून निर्धोक पार होतात. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालच्या आवृत्तीत १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात चालत नाही असं सांगतं, आणि हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पिण्याचं पाणी वेगळं शुद्ध करा किंवा उकळा. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यात, नमुना तपासून घ्या. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत तशी सोय असते. घरच्या घरी प्राथमिक कल्पना यावी म्हणून एचटूएसची छोटी बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर जंतूंचा संशय घ्यावा.

नव्या कार्ट्रिजनंतरही पाण्याला नालीसारखा वास येत असेल, किंवा घरात दोघा-तिघांची पोटं एकदम बिघडली असतील, तर फिल्टरशी खटपट करू नका. टाकीचं पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं तत्काळ थांबवा. नळ येताक्षणी थेट नगर निगमच्या लाइनमधून, टाकीच्या आधीच, स्वच्छ बाटलीत पाणी घ्या आणि शेजारच्या दोन घरांतही तसंच करायला सांगा. तिन्ही बाटल्यांत वास असेल तर दोष रस्त्याखालच्या पाइपात आहे. नगर निगमच्या जल विभागात लेखी तक्रार द्या, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही नोंदवा, आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.